एकाच सर्व्हरवर विंडोज सर्व्हर आणि उबुंटू: हायपरव्हायजर कोणता घ्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. भोसरी एमआयडीसीत चाळीसेक माणसांचं वर्कशॉप आहे. नवा सर्व्हर घेतलाय: एक प्रोसेसर, १६ कोअर, १२८ जीबी रॅम, चार एसएसडी. त्यावर एक विंडोज सर्व्हर हवाय, टॅली, फाइल शेअर आणि लॉगिनसाठी. दुसरा उबुंटू, ब्राउझरमधून चालणाऱ्या ईआरपीसाठी. सध्या हे सगळं एका जुन्या पीसीवर विंडोज १० आणि व्हर्च्युअलबॉक्समध्ये चालू आहे. एकाच यंत्रावर अनेक आभासी मशीन (व्हीएम) चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला हायपरव्हायजर म्हणतात. व्हर्च्युअलबॉक्स, व्हीएमवेअर, हायपर-व्ही आणि प्रॉक्समॉक्स यांपैकी सगळ्यात फास्ट कोणतं, असं तुम्ही विचारलंय.

वेगाचा मुद्दा आधी निकालात काढतो. २००५-०६च्या सुमारास इंटेलने व्हीटी-एक्स आणि एएमडीने एएमडी-व्ही ही प्रोसेसरमधली व्हीएमसाठीची सोय आणली, तेव्हापासून गेस्टचं, म्हणजे आतल्या व्हीएमचं, बहुतेक काम थेट प्रोसेसरवर चालतं. व्हीएमवेअरचा ईएसएक्सआय, हायपर-व्ही आणि लिनक्समधला केव्हीएम (प्रॉक्समॉक्स यावरच चालतं) या तिघांतला फरक चाळीस माणसांना टॅली वापरताना कळणार नाही. त्यांना कळेल तो चुकीचा डिस्क ड्रायव्हर आणि स्वस्तातली एसएसडी. म्हणून तुम्हाला माझा प्रश्न वेगळा आहे: हा सर्व्हर एखाद्या सकाळी सुरूच झाला नाही, तर त्याच्यासमोर कोण उभं राहणार, आणि त्या माणसाला काय येतं? माझी निवड मी नेहमी इथूनच सुरू करतो.

व्हर्च्युअलबॉक्स इथे बाद आहे. शिकायला, एखादं व्हर्जन तपासून बघायला ते उत्तम आहे, मी स्वतः वर्षानुवर्षं लॅपटॉपवर वापरतो. पण ते एका डेस्कटॉप ओएसच्या डोक्यावर बसलेलं असतं. खालच्या विंडोजने रात्री अपडेट घेऊन रीस्टार्ट केलं की वरची दोन्ही मशीन आडवी. कुणी चुकून लॉगआउट केलं तरी तेच. त्यात त्या पीसीवर हायपर-व्हीचं एखादं फीचर चालू असेल, तर व्हर्च्युअलबॉक्स आपला नेहमीचा मार्ग सोडून त्याच्या आडून चालतं. खिडकीच्या खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसतं ना, ते हेच सांगत असतं. शिवाय त्याचा एक्स्टेन्शन पॅक वैयक्तिक वापरापुरता फुकट आहे, कंपनीत वापरायला लायसन्स लागतं. हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. आणि खालच्या विंडोज १०चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, त्यामुळे तसंही तिथून निघायची वेळ झालीच आहे.

व्हीएमवेअरबद्दल मला मनापासून आदर आहे. मी हे काम शिकलो ते ईएसएक्सआयवरच, आणि आजही मोठ्या ठिकाणी ते चोख चालतं. पण नोव्हेंबर २०२३मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतलं आणि पुढच्याच महिन्यात कायमची लायसन्स विकणं बंद करून सगळं सबस्क्रिप्शनवर नेलं. २०२४च्या सुरुवातीला फुकट ईएसएक्सआय काढून टाकला, एप्रिल २०२५मध्ये तो परत आणला. तो आज मिळतो, पण बॅकअप सॉफ्टवेअर ज्या दारातून आत येतात ते दार फुकट आवृत्तीत बंद असतं, आणि एका व्हीएमला आठपेक्षा जास्त व्हर्च्युअल कोअर देता येत नाहीत. कोअरची मर्यादा तुम्हाला चालेल. बॅकअपची चालणार नाही. विकतचं सबस्क्रिप्शन एका सर्व्हरच्या वर्कशॉपला परवडेल असं मला वाटत नाही. कुणी 'माझ्याकडे जुनी की आहे' म्हणत ६.७ किंवा ७.० टाकून देतो म्हणाला तर नको म्हणा. ६.७चा सपोर्ट ऑक्टोबर २०२२मध्ये आणि ७.०चा ऑक्टोबर २०२५मध्ये संपलाय. नव्या घराला जुनं, गंजलेलं कुलूप लावण्यासारखं होईल ते.

उरले दोन, हायपर-व्ही आणि प्रॉक्समॉक्स. इथे खरोखर विचार करावा लागतो.

आधी लायसन्सचा हिशेब, कारण तो दोन्हीकडे सारखाच आहे आणि हमखास चुकतो. विंडोज सर्व्हर स्टँडर्डचं लायसन्स व्हीएमला नसून खालच्या लोखंडाला, म्हणजे प्रत्यक्ष सर्व्हरला असतं. सर्व्हरमधले सगळे कोअर मोजायचे, किमान १६ धरायचे. तुमचे बरोबर १६ आहेत, म्हणजे एक नेहमीचा संच पुरतो. त्या बदल्यात त्या सर्व्हरवर विंडोज सर्व्हरच्या दोन व्हीएम चालवायचा हक्क मिळतो. होस्ट, म्हणजे व्हीएमच्या खालची ओएस, म्हणूनही विंडोज ठेवता येतं, पण मग त्याने व्हीएम सांभाळण्यापलीकडे दुसरं काहीही करायचं नाही. फाइल शेअर होस्टवरच टाकलं, तर दोनातला एक हक्क खर्ची पडला. खाली प्रॉक्समॉक्स असलं तरी मोजणी हीच. 'लिनक्सवर चालवतोय, म्हणजे व्हीएमला दिलेल्या चारच कोअरचं लायसन्स घेऊ' हे चालत नाही. माणसांसाठीची कॅल (सर्व्हर वापरायचं लायसन्स) वेगळी घ्यायची, आणि टॅली जर रिमोट डेस्कटॉपवर दहा-पंधरा जण वापरणार असतील तर आरडीएस कॅल (रिमोट डेस्कटॉपचं लायसन्स) त्याहून वेगळी. कोटेशनमध्ये ही ओळ दिसत नसेल, तर विकणाऱ्याला ती आत्ताच लिहायला लावा.

सर्व्हरसोबत तो बनवणाऱ्या कंपनीच्या नावाची विंडोजची डिस्क मिळाली असेल तर आणखी एक खाचखळगा आहे. ती डिस्क सुरू होताना बायोसमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) उत्पादकाचं नाव शोधते. व्हीएमच्या आत ते नाव दिसत नाही, आणि 'हे हार्डवेअर चालणार नाही' असा संदेश येतो. प्रॉक्समॉक्समध्ये व्हीएमच्या ऑप्शन्समधल्या एसएमबायोस सेटिंगमध्ये ते नाव भरता येतं. इन्स्टॉलच्या दिवशी यात अख्खी दुपार जाऊ शकते, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

हायपर-व्ही २००८पासून विंडोज सर्व्हरमध्येच येतं, त्यासाठी वेगळे पैसे नाहीत. तुमचा एएमसीवाला (वार्षिक देखभाल करणारा) विंडोजचाच माणूस असेल, काळ्या स्क्रीनवर कमांड टाइप करताना त्याचा हात थबकत असेल, तर बेधडक हायपर-व्ही घ्या. त्याला ओळखीच्या खिडक्या दिसतील, इव्हेंट व्ह्यूअर तोच असेल, आणि अडचणीच्या वेळी तो वाट चुकणार नाही. उबुंटूसाठी लागणारे हायपर-व्हीचे ड्रायव्हर लिनक्स कर्नेलमध्येच (लिनक्सच्या गाभ्यात) असतात, त्यामुळे तिकडेही त्रास नाही. पुढे दुसरा सर्व्हर घेतलात तर हायपर-व्ही रेप्लिका ही सोय आहे, ती व्हीएमची प्रत दर काही सेकंदांनी किंवा मिनिटांनी तिकडे पाठवत राहते. फुकटचं वेगळं हायपर-व्ही सर्व्हर मात्र शोधू नका. त्याची २०१९ ही शेवटची आवृत्ती, तिचा सपोर्ट जानेवारी २०२९पर्यंत आहे, त्यानंतर नवीन आली नाही.

पण हायपर-व्हीची एक उणीव वर्कशॉपवाल्यांना नेमकी आडवी येते. होस्टला लावलेला यूएसबी डोंगल व्हीएमला सरळ देता येत नाही. तुमच्याकडे कॅड-कॅमचं एखादं सॉफ्टवेअर असेल ज्याचं लायसन्स डोंगलमध्ये आहे, तर ते व्हीएममध्ये दिसायला नेटवर्कवरून यूएसबी देणारं वेगळं यंत्र घ्यावं लागतं. प्रॉक्समॉक्समध्ये दोन क्लिकमध्ये तो डोंगल व्हीएमला जोडता येतो. तेव्हा निवड करायच्या आधी शॉपमध्ये एक फेरी मारा आणि कोणकोणत्या पीसीच्या मागे डोंगल लटकतोय ते बघून या. तुमच्या प्रश्नात याचा उल्लेख नाही, पण भोसरीतल्या वर्कशॉपमध्ये एकही डोंगल नसेल तर मला नवल वाटेल.

माझा स्वतःचा कल प्रॉक्समॉक्सकडे आहे, तो का ते सांगतो. व्हिएन्नातल्या एका कंपनीने २००८मध्ये ते आणलं. खाली डेबियन हे लिनक्स, त्यावर केव्हीएम. हा केव्हीएम फेब्रुवारी २००७पासून लिनक्स कर्नेलचाच भाग आहे, त्यामुळे एखाद्या कंपनीने धोरण बदललं म्हणून तो उद्या हातातून जाईल अशी धास्ती नाही. सगळ्या सोयी फुकट आवृत्तीतही आहेत, पैसे सपोर्टचे आणि जास्त तपासलेल्या अपडेट्सचे. सबस्क्रिप्शन न घेता वापरलंत तर लॉगिन करताना आठवणीची खिडकी येते आणि पहिल्या अपडेटला एरर दिसते, कारण मुळात पैसेवाल्यांची रिपॉझिटरी (अपडेटचं भांडार) लावलेली असते. ती बदलून 'नो-सबस्क्रिप्शन' करायची, एवढंच. तरीही माझी विनंती आहे की धंदा यावर चालणार असेल तर निदान सगळ्यात लहान सबस्क्रिप्शन घ्या.

विंडोज सर्व्हर प्रॉक्समॉक्सवर टाकताना नवखा माणूस एका ठिकाणी घाबरतो. इन्स्टॉलर विचारतो 'विंडोज कुठे टाकू?' आणि खाली डिस्कच दिसत नाही. कारण विंडोजच्या डिस्कवर व्हर्टआयओचे, म्हणजे व्हीएमसाठीच्या वेगवान आभासी डिस्क-नेटवर्कचे, ड्रायव्हर नसतात. मग तो मागे जाऊन डिस्क आयडीई किंवा साटा या जुन्या प्रकारची करतो, लगेच दिसायला लागते, आणि पुढची पाच वर्षं मशीन संथ का चालतंय याचा शोध चालतो. तसं करू नका. व्हर्टआयओ-विनची आयएसओ दुसरी सीडी म्हणून आधीच लावून ठेवा, 'लोड ड्रायव्हर' म्हणा, त्यातला व्हीआयओएससीएसआय हा फोल्डर आणि तुमच्या विंडोजची आवृत्ती निवडा. डिस्क समोर येईल. नेटवर्कसाठी नेटकेव्हीएम, आणि सगळं झाल्यावर गेस्ट एजंट टाकायला विसरू नका. एजंट नसेल तर बॅकअपच्या क्षणी विंडोजला आवराआवर करायची सूचनाच मिळत नाही.

आणखी एक, खास आपल्याकडचा घोळ. लिनक्स हार्डवेअरचं घड्याळ यूटीसीत (जागतिक वेळेत) धरतं, विंडोज स्थानिक वेळेत. प्रॉक्समॉक्समध्ये व्हीएम बनवताना ओएसचा प्रकार विंडोज निवडला, तर ते आपोआप सांभाळलं जातं. चुकून लिनक्स निवडला गेला, तर विंडोज बरोबर साडेपाच तास मागे उठतं. लॉगिनसाठी वापरली जाणारी कर्बेरॉस पद्धत साधारण पाच मिनिटांपर्यंतचाच फरक सहन करते, म्हणून सकाळी कुणालाच लॉगिन होत नाही आणि सगळे नेटवर्कची केबल तपासत बसतात. घड्याळात साडेपाच तासांचा फरक दिसला की ओएसचा प्रकार बघा.

आता डिस्क. हायपरव्हायजरच्या निवडीपेक्षा मी यावर जास्त वेळ घालवतो. तुमच्या चार एसएसडी कोणत्या आहेत हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्या लॅपटॉपसाठी विकतात तशा असतील, तर फाइल कॉपी करताना झकास वाटतील, पण डेटाबेस प्रत्येक नोंदीनंतर 'खरंच लिहिलं का?' असं विचारतो तेव्हा धापा टाकतील. सर्व्हरसाठीच्या एसएसडीत लहान कपॅसिटर असतात. वीज गेली तरी हातातलं लिखाण पुरं करण्याइतका जीव त्यांच्यात उरतो, म्हणून त्या 'लिहिलं' असं लगेच सांगू शकतात. ऑफिसचा एखादा पीसी कमी घ्या, पण या डिस्क चांगल्या घ्या. चारही डिस्क दोन-दोनच्या आरशासारख्या जोड्यांत लावा. रेड ५मध्ये (डिस्क एकत्र जोडायची दुसरी पद्धत) जागा जास्त मिळते, पण व्हीएमच्या विखुरलेल्या लिखाणात ते मागे पडतं. प्रॉक्समॉक्सवर झेडएफएस ही फाइल सिस्टम वापरणार असाल तर रेड कार्डाला मध्ये पडू देऊ नका, कार्ड एचबीए मोडमध्ये टाका म्हणजे डिस्क सरळ दिसतील. हायपर-व्ही घेतलंत तर बॅटरीवालं रेड कार्ड बरं. झेडएफएस कॅशसाठी रॅम घेतं. प्रॉक्समॉक्सच्या ८.१पासूनच्या नव्या इन्स्टॉलमध्ये ही कॅश एकूण रॅमच्या १० टक्क्यांवर आणि जास्तीत जास्त १६ जीबीवर अडवलेली असते. तुमच्या १२८ जीबीत विंडोजला ३२ आणि उबुंटूला १६ दिले, तरी ऐसपैस जागा उरते. कोअरही हात राखून द्या. चार-चारने सुरुवात करा, कमी पडले तर वाढवता येतात.

स्नॅपशॉटबद्दल (व्हीएमची त्या क्षणाची स्थिती, जिच्यावर परत जाता येतं) सावध करतो, कारण याची किंमत मी मोजलेली आहे. एका कारखान्यात अपडेटच्या आधी घेतलेला स्नॅपशॉट काढायचा राहून गेला होता. त्या प्रकारच्या स्टोरेजवर स्नॅपशॉट घेतल्यापासूनचा प्रत्येक बदल वेगळ्या फाइलमध्ये साठत जातो. सहा महिन्यांत ती फाइल फुगली, डिस्क भरली, आणि ३१ मार्चच्या संध्याकाळी त्या डिस्कवरच्या सगळ्या व्हीएम जागच्या जागी थांबल्या. अकाउंटची माणसं रात्री अकरापर्यंत बसून होती. जागा मोकळी करून स्नॅपशॉट विलीन व्हायला पहाट झाली. डेटा गेला नाही, पण त्या माणसांचे चेहरे अजून आठवतात. तेव्हापासून माझा नियम आहे की स्नॅपशॉट काही तासांसाठीच, काम झालं की त्याच दिवशी काढायचा. आणि लॉगिनचा सर्व्हर, म्हणजे डोमेन कंट्रोलर, जुन्या स्नॅपशॉटवर परत न्यायचा नाही. विंडोज सर्व्हर २०१२पासून यावर संरक्षण आलंय, पण त्यासाठी हायपरव्हायजरची साथ लागते, त्यावर विसंबू नका.

तुमच्याकडे दोन विंडोज व्हीएमचा हक्क आहेच, तर डोमेन कंट्रोलर एकीत आणि टॅली, फाइल शेअर दुसरीत ठेवा. ज्या मशीनवर पंधरा जण रिमोटने बसतात, तिथे सगळ्यांच्या पासवर्डची तिजोरी नसावी. पहिलीला ८ जीबी रॅम पुरते. हायपर-व्ही वापरलंत तर होस्टचा लोकल ॲडमिन पासवर्ड कागदावर लिहून मालकांच्या कपाटात ठेवा. डोमेन कंट्रोलर आतल्या व्हीएममध्ये आणि होस्टचं लॉगिन मात्र त्याच डोमेनवर, अशी गाठ बसली तर वाईट दिवशी फार त्रास होतो.

बॅकअपच्या बाबतीत प्रॉक्समॉक्सचं पारडं जड आहे. प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर हे वेगळं, तेही फुकट सॉफ्टवेअर २०२०च्या अखेरीस आलं. ते दर वेळी बदललेले तुकडेच नेतं आणि सारखे तुकडे एकदाच साठवतं, म्हणून रोजचा बॅकअप लवकर उरकतो. तुमचा तो जुना पीसी, नव्या मोठ्या डिस्क घालून, या कामाला छान चालेल. हायपर-व्हीसाठी वीम या बॅकअप सॉफ्टवेअरची कम्युनिटी आवृत्ती दहा मशीनपर्यंत फुकट आहे. २०२४पासून वीमला प्रॉक्समॉक्सही जमतं. कोणतंही घ्या, पण बॅकअप त्याच सर्व्हरच्या दुसऱ्या डिस्कवर ठेवू नका, आणि बॅकअपच्या पीसीला डोमेनमध्ये घेऊ नका. रॅन्समवेअर शिरलं की ते डोमेनच्या पासवर्डवरच घरभर फिरतं. आठवड्यातून एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या, ती डिस्क काढून घरी न्या. यूपीएसची डेटा केबल सर्व्हरला जोडून, बॅटरी संपत आली की आधी व्हीएम आणि मग होस्ट बंद होईल असं लावून घ्या. प्रॉक्समॉक्सवर हे काम एनयूटी हे सॉफ्टवेअर करतं.

जुन्या व्हर्च्युअलबॉक्समधून प्रॉक्समॉक्सवर हलवणं अवघड नाही. आधी त्या मशीनमधून गेस्ट ॲडिशन्स काढा, सगळे स्नॅपशॉट मिटवा, नीट शटडाउन करा. प्रॉक्समॉक्समधल्या क्यूईएमयूच्या डिस्क रूपांतर करणाऱ्या कमांडने व्हीडीआय फाइल (व्हर्च्युअलबॉक्सची डिस्क) बदलून घ्या आणि नव्या व्हीएमला जोडा. विंडोज पहिल्यांदा साटावरच उठवा. मग एक जीबीची रिकामी व्हर्टआयओ डिस्क जोडून ड्रायव्हर बसू द्या, मशीन बंद करा आणि मुख्य डिस्क व्हर्टआयओवर आणा. सरळ उडी मारलीत तर निळी स्क्रीन येते. त्या पीसीवर 'विंडोज सर्व्हर' म्हणून १८० दिवसांची इव्हॅल्युएशनच चालू असेल, तर मी ती हलवणार नाही. नवी विंडोज टाकून फक्त टॅलीचा डेटा आणि फाइल्स नेणं जास्त स्वच्छ.

तेव्हा माझं उत्तर: तुमच्याकडे किंवा एएमसीवाल्याकडे लिनक्सची भीती नसलेला एक तरी माणूस असेल तर प्रॉक्समॉक्स. नसेल आणि डोंगलही नसेल तर हायपर-व्ही. माणूस नाही पण डोंगल आहे, तर यूएसबीचं यंत्र विकत घ्या आणि हायपर-व्हीच ठेवा. माणूस शिकेल या आशेवर त्याच्या हाती अनोळखी सर्व्हर देऊ नका.

आणि नवा सर्व्हर कामाला लावायच्या आधी एक गुरुवार मला द्या. तुमच्याकडे त्या दिवशी सुट्टी असते, शॉप रिकामं असतं. आदल्या रात्रीचा बॅकअप घ्या, टॅलीची व्हीएम पूर्ण पुसून टाका, आणि एएमसीवाल्याला ती परत उभी करायला सांगा. तुम्ही शेजारी बसा, मदत करू नका, फक्त घड्याळ बघा. टॅलीत कालचं शेवटचं व्हाउचर दिसेपर्यंत किती वेळ लागला आणि तो कुठे कुठे अडला, ते एका कागदावर लिहून रॅकच्या दारावर आतून चिकटवा. तो चार तासांतही पोहोचला नाही, तर शुक्रवारी जुना पीसीच चालू ठेवा आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा बसा.